गूगल स्कॉलरचं प्रोफाइल पान: संशोधकाचं काम जोखायला कितपत कामाचं?

बिहेवियरल न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासात, पीएचडी करायला निघालेलं कुणीही भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो, अमुक सरांकडे जाऊ का, तमुक मॅडमकडे जाऊ का, आणि प्रश्नासोबत एक लिंक येते, त्या सरांच्या किंवा मॅडमच्या गूगल स्कॉलर (गूगलची संशोधनाचे पेपर शोधायची सेवा) प्रोफाइलची. खाली लिहिलेलं असतं, "बघ ना किती सायटेशन्स आहेत!" सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्यांच्या पेपरचा दिलेला संदर्भ. मी स्वतः असंच केलं होतं. गाईड शोधताना दहा-बारा प्रोफाइल्स वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडून एच-इंडेक्सच्या (सायटेशन्सवरून काढलेला एक आकडा, हिशोब पुढे सांगते) उतरत्या क्रमाने वहीत नावं लिहून काढली होती. आता चौथं वर्ष चालू आहे, हे पान मी जवळजवळ रोज उघडते, कधी पेपर शोधायला, कधी कुणाचं काम समजून घ्यायला, आणि म्हणून ठरवलं की एकदा नीट बसून लिहायचं की हे पान कशाला उत्तम आहे आणि कशाला अजिबात वापरू नये.

आधी पान दिसतं कसं ते सांगते, कारण बरेच जण फक्त उजवीकडचा चौकोन बघतात आणि टॅब बंद करतात. त्या चौकोनात तीन आकडे असतात, एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि आय१०-इंडेक्स (किमान दहा सायटेशन्स मिळालेले पेपर किती), आणि दोन रकाने, एक सगळ्या वर्षांचा आणि एक गेल्या पाचेक वर्षांचा. खाली वर्षवार उभ्या पट्ट्यांचा छोटा ग्राफ, त्याखाली सहलेखक. डावीकडे पेपरांची यादी, सगळ्यात जास्त सायटेशनवाला पेपर सगळ्यात वर. हा क्रम आपोआप लागलेला असतो आणि तिथेच पहिली फसगत होते, कारण वरचे पाच पेपर कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे असतात आणि आपल्याला जायचंय आजच्या लॅबमध्ये. वर्षाच्या रकान्यावर क्लिक केलं की यादी नव्यापासून जुन्याकडे लागते. प्रोफाइल उघडल्यावर मी सगळ्यात आधी हेच करते. ती लॅब आत्ता कशावर काम करतेय, विषय बदललाय का, वर्षाला किती पेपर येतात, त्यात विद्यार्थ्यांची नावं पुढे आहेत का, हे दोन मिनिटांत कळतं आणि ते उजवीकडच्या तिन्ही आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं असतं.

सेवेचे गुण आधी सांगते, कारण ते खरंच मोठे आहेत. गूगल स्कॉलर २००४ मध्ये आलं, लेखकांची प्रोफाइल्स २०११ मध्ये, आणि हे सगळं फुकट आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन जुन्या नावाजलेल्या सेवांना संस्थेचं सबस्क्रिप्शन लागतं, संस्था बदलली किंवा डिग्री संपली की दार बंद. स्कॉलरला तसलं काही नाही. आणि पसारा प्रचंड. २०१८ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांच्या टीमने तिन्ही सेवांची तुलना केली होती, २५२ विषयांमधले गाजलेले पेपर घेऊन त्यांची सायटेशन्स कोण किती शोधतं ते मोजलं, तर विषयानुसार स्कॉलरला ९३ ते ९६ टक्के सापडली, स्कोपसला ३५ ते ७७ टक्के आणि वेब ऑफ सायन्सला २७ ते ७३ टक्के. फरक येतो कारण स्कॉलर थिसिस पकडतं, पुस्तकांतली प्रकरणं पकडतं, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी वेबवर ठेवलेले पेपर) पकडतं, कॉन्फरन्सचे पेपर पकडतं. आमच्या विषयात थिसिस फार महत्त्वाचे असतात, कारण जे प्रयोग फसले आणि पेपर म्हणून छापलेच गेले नाहीत ते कुणाच्या तरी थिसिसच्या चौथ्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहिलेले सापडतात. असे दोन थिसिस मला स्कॉलरवरूनच मिळाले आणि त्यांनी माझं बरंच काम वाचवलं.

पण हाच पसारा आकडा फुगवतोही. एकच पेपर प्रीप्रिंट म्हणून वेगळा आणि छापील म्हणून वेगळा मोजला जाऊ शकतो, सेमिनारच्या नोट्सही कधी कधी मोजल्या जातात, आणि लेखकाने स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन्स यात वेगळी काढता येत नाहीत, स्कोपसमध्ये ती वगळून आकडा बघता येतो. त्यामुळे एकाचा स्कॉलरवरचा एच-इंडेक्स आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा एच-इंडेक्स शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. मी ती वहीत केली होती, पाच नावं इकडची आणि सहा तिकडची.

एच-इंडेक्सबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण सगळा घोळ तिथे आहे. जॉर्ज हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये हे मोजमाप सुचवलं. हिशोब सोपा, ज्या संशोधकाचे किमान ४ पेपर प्रत्येकी किमान ४ वेळा साईट झालेत (म्हणजे इतरांच्या संदर्भात आलेत) पण ५ पेपर प्रत्येकी ५ वेळा झालेले नाहीत त्याचा एच ४. आता दोन माणसं घ्या. एकीच्या पाच पेपरांना ९००, ४०, ६, ४ आणि १ अशी सायटेशन्स आहेत. दुसऱ्याचे चारच पेपर आणि चौघांना चार-चार. दोघांचाही एच ४! पहिलीने एखादं असं काम केलंय जे नऊशे ठिकाणी वापरलं गेलं, दुसऱ्याचं तसं काही नाही, आणि चौकोनात दोघं सारखे. दुसरी गोष्ट म्हणजे हा आकडा कमी होतच नाही, वयासोबत चढतच जातो, त्यामुळे निवृत्तीला आलेल्या माणसाचा एच आणि पाच वर्षांपूर्वी लॅब सुरू केलेल्या मॅडमचा एच एकाच फूटपट्टीवर मापला तर प्रत्येक वेळी म्हातारा माणूसच जिंकणार. हिर्श यांनी स्वतः साधारण १२ आणि १८ असे आकडे बढतीच्या संदर्भात सुचवले होते, पण ते फिजिक्ससाठी. ज्या विषयात एका प्रयोगाला दोन-दोन वर्षं जातात, रॅट वाढवायचे, सर्जरी करायची, बरं व्हायला वेळ द्यायचा, मग ट्रेनिंग, मग टेस्ट, मग मेंदूचे काप करून इलेक्ट्रोड (मेंदूत बसवलेली बारीक तार) खरंच जागेवर होता का ते बघायचं, तिथे पेपरांची संख्या कमीच राहते आणि एचही त्याच प्रमाणात.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सायटेशन म्हणजे नेमकं काय असतं? कुणीतरी एका वाक्यात तुमचं नाव घेतलं. ते वाक्य कुठलं, हे प्रोफाइलवर दिसत नाही. आणि आमच्या विषयातले सगळ्यात जास्त साईट होणारे पेपर हे पद्धतीचे असतात. रिचर्ड मॉरिस यांचा १९८४ चा वॉटर मेझवरचा पेपर घ्या. गोल टाकीत गढूळ केलेलं पाणी, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक लपवलेला प्लॅटफॉर्म, रॅट पोहत पोहत तो शोधतो आणि खोलीतल्या भिंतीवरच्या खुणा बघून जागा लक्षात ठेवतो. पहिल्या दिवशी रॅट काठाकाठाने फिरत राहतो, नाक वर, मिशा ओल्या, आणि चार-पाच दिवसांनी कुठूनही सोडलं तरी सरळ रेषेत प्लॅटफॉर्मकडे जातो. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तर हा पेपर हजारो ठिकाणी साईट झालाय आणि त्यातल्या बहुसंख्य ठिकाणी वाक्य एवढंच असतं, की टेस्ट मॉरिस यांच्या पद्धतीने थोडे बदल करून केली. बस. त्या वाक्याला मॉरिस यांच्या कल्पनेशी, हिप्पोकॅम्पसशी (जागा आणि आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग), दिशा कशी कळते या प्रश्नाशी काही देणंघेणं नसतं.

त्याहून मोठं उदाहरण म्हणजे पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा रॅटच्या मेंदूचा अॅटलास, पहिली आवृत्ती १९८२ ची. न्यूरोसायन्समधल्या सगळ्यात जास्त साईट झालेल्या प्रकाशनांपैकी तो एक. आमच्याकडे त्याची प्रत सर्जरी टेबलाशेजारी पडलेली असते, पानांना डाग पडलेले, कोपरे दुमडलेले, कारण कवटीवर ब्रेग्मा हा बिंदू सापडला की तिथून किती मागे, किती बाजूला, किती खोल जायचं ते त्याच पानांवरून बघायचं असतं. हे काम फार मोठं आहे, त्याच्याशिवाय आमच्यापैकी कुणाचाच इलेक्ट्रोड जागेवर गेला नसता, पण त्याची सायटेशन्स आणि एखाद्या नव्या सिद्धांताची सायटेशन्स ही दोन वेगळ्या जातीची फळं आहेत आणि चौकोन दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. तेव्हा एखाद्या प्रोफाइलवर एकच पेपर डोंगराएवढा आणि बाकीचे टेकड्यांएवढे दिसले तर आधी बघा, तो डोंगर पद्धतीचा आहे, रिव्ह्यूचा (आधीच्या पेपरांचा आढावा घेणारा) आहे की खऱ्या निष्कर्षाचा. रिव्ह्यू पेपरही असेच भरभरून साईट होतात, कारण वीस मूळ पेपर वाचण्याऐवजी एक रिव्ह्यू साईट करणं सोपं पडतं.

माझी एक चूक सांगते, कारण त्यातूनच मी हे पान नीट वापरायला शिकले. पहिल्या वर्षी मला भीती आणि चिंतेची टेस्ट करायची होती, एलिव्हेटेड प्लस मेझ. अधिकच्या चिन्हासारखी फळी, जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटर उंच, दोन हातांना भिंती आणि दोन हात उघडे. रॅटला उघड्या हातांची भीती वाटते, चिंता कमी करणारं औषध दिलं की तो उघड्यावर जास्त वेळ काढतो. पाच मिनिटांची टेस्ट, दिसायला एकदम सोपी. मी १९८५ चा पेलो, शोपॅं, फाइल आणि ब्रायली यांचा मूळ पेपर काढला, सायटेशन्सचा आकडा बघितला, इतक्या लोकांनी वापरलंय म्हणजे प्रश्नच नाही असं धरून प्रयोग आखला, आणि त्यात तेच रॅट आधी औषधाशिवाय आणि आठवड्याने औषध देऊन पुन्हा मेझवर ठेवले. औषधाचा काहीच परिणाम दिसेना. डोस तपासला, औषधाची बाटली बदलली, खोलीतला प्रकाश कमी केला, काही उपयोग नाही. जवळजवळ तीन महिने गेले आणि चोवीस रॅट. ही गोष्ट मला अजून लागते, कारण ते जीव होते.

शेवटी आमच्या लॅबमधल्या सीनियरने माझ्या शेजारी बसून त्या १९८५ च्या पेपरखालचा "साईटेड बाय" उघडला. तो पेपर ज्यांनी साईट केलाय अशा हजारो पेपरांची यादी. वर डावीकडे एक छोटा चौकोन असतो, फक्त या पेपरला साईट करणाऱ्या लेखांमध्येच शोधा असं सांगणारा, तो तिने टिक केला आणि "वन ट्रायल टॉलरन्स" असं टाईप केलं. आणि समोर उत्तर. एकदा मेझ बघितलेल्या रॅटवर दुसऱ्या वेळी ही औषधं पूर्वीसारखं काम करत नाहीत हे मूळ पेपरच्याच एक लेखिका सँड्रा फाइल यांनी १९९० मध्ये दाखवून दिलेलं होतं. म्हणजे इशारा तिथेच होता, मी ज्या आकड्यावर विसंबले होते त्या आकड्याच्या आत. आकड्यावर क्लिक करायचं तेवढं राहिलं होतं.

तेव्हापासून मी कुठलाही महत्त्वाचा पेपर असा तपासते. "साईटेड बाय" उघडायचं, आतल्या आत शोध चालू करायचा आणि इंग्रजीत असे शब्द टाकायचे जे एखादा असहमत माणूस लिहील, पुन्हा जमलं नाही, याच्या उलट, या निष्कर्षाशी विसंगत, वगैरे. मग डावीकडून गेल्या काही वर्षांचे पेपर वेगळे काढायचे. पंधरा मिनिटांत चित्र उभं राहतं की हे काम लोक मानतात, भांडतात की नुसतंच सवयीने साईट करतात. गाईड निवडताना तर मी सांगेन की त्यांच्या वरच्या तीन पेपरांवर हे कराच. ज्यांच्याशी लोक मुद्द्याने भांडतात आणि जे पुढच्या पेपरात त्याला उत्तर देतात किंवा आपलं म्हणणं बदलतात, अशांच्या लॅबमध्ये शिकायला मिळतं. या एका सोयीसाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी देईन. दुर्दैवाने ती इतकी लपलेली आहे की आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना तिचा पत्ताच नव्हता.

आता तक्रारी.

पहिली, प्रोफाइलच्या यादीत लेखकांची नावं मध्येच तोडली जातात, पाच-सहा नावांनंतर तीन टिंबं येतात. आमच्या विषयात पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचं आणि शेवटचं नाव लॅब ज्याची त्याचं असतं. म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या दोन नावांपैकी एक नाव टिंबांच्या मागे लपतं! एखाद्याच्या प्रोफाइलवर शेकडो पेपर असतील, पण त्यातल्या किती पेपरांत तो शेवटचा लेखक आहे आणि कितींमध्ये मधला अकरावा, हे कळायला एकेक पेपर उघडावा लागतो. पंचवीस लेखकांच्या पेपरात मधे असलेल्यालाही चौकोनात तेवढंच सायटेशन मिळतं.

दुसरी तक्रार, प्रोफाइल ज्याचं त्यानेच बनवायचं असतं. ज्यांनी बनवलं नाही त्यांचं पान नाही. आणि बनवल्यावर नवे पेपर आपोआप जोडायचं सेटिंग चालू ठेवलं की त्याच आडनावाच्या आणि त्याच आद्याक्षराच्या दुसऱ्या माणसाचे पेपर येऊन चिकटतात, ते मालकाने काढले नाहीत तर तसेच राहतात. आपल्याकडच्या आडनावांचं तर विचारूच नका, एकेका आडनावाचे कितीतरी संशोधक. रॅटवर काम करणाऱ्या माणसाच्या यादीत मधेच सिमेंट काँक्रीटचा पेपर दिसला तर समजून जायचं. म्हणून मी ऑर्किडचा (ORCID, संशोधकांना ओळख क्रमांक देणारी सेवा) नंबर असेल तर तिथली यादीही बघते, ती सेवा २०१२ पासून आहे आणि तिथे प्रत्येक माणसाला एकच नंबर असतो, त्यामुळे नावांचा गोंधळ होत नाही.

तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे. स्कॉलरमध्ये काय येतं ते माणूस तपासत नाही, यंत्र ठरवतं. सिरिल लाबे नावाच्या फ्रेंच संशोधकाने २०१० मध्ये आइक अंतकारे नावाचा एक काल्पनिक शास्त्रज्ञ तयार केला, कॉम्प्युटरने लिहिलेले निरर्थक पेपर एकमेकांना साईट करत वेबवर ठेवले आणि त्या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ वर नेऊन दाखवला. नंतर २०१२ मध्ये स्पेनमधल्या टीमने सहा खोटे लेख विद्यापीठाच्या साइटवर ठेवून ७७४ नकली सायटेशन्स जमवली होती, मुद्दाम, हे किती सोपं आहे ते दाखवायला. त्या प्रयोगांना बरीच वर्षं झाली, पण मूळ रचना तीच आहे, जे वेबवर पेपरसारखं दिसतं ते आत येतं. ज्यांची बढती किंवा ग्रँट या आकड्यावर ठरते त्यांना मोह होणारच, आणि म्हणून निवड समित्यांनी हा आकडा एकटा धरून बसणं मला मनापासून चुकीचं वाटतं. संशोधनाचं मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) करू नका असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये आला, २०१५ मध्ये लायडन मॅनिफेस्टो आला, दोन्हींचं म्हणणं असं की आकडे मदतीला घ्या पण काम वाचा.

चौथी, मागे घेतलेल्या पेपरांची. पेपर रिट्रॅक्ट झाला तरी त्याची सायटेशन्स एकूण आकड्यातून वजा होत नाहीत. आमच्या विषयातलं ताजं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, २००६ मध्ये नेचर या जर्नलमध्ये आलेला अल्झायमरवरचा पेपर, ज्यात अमायलॉइड बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार तरुण रॅटना दिल्यावर त्यांची स्मृती बिघडते असं म्हटलं होतं. २०२२ मध्ये सायन्स या जर्नलने त्यातल्या चित्रांबद्दलच्या शंका सविस्तर छापल्या आणि जून २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. तोवर त्याला साधारण अडीच हजार सायटेशन्स मिळाली होती. ती सायटेशन्स करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी चांगल्या विश्वासानेच केली असणार, आणि त्या जोरावर पुढचे प्रयोग आखले असणार, त्यांच्या तीन महिन्यांचा हिशोब कुठल्याच ग्राफमध्ये नाही. म्हणून कुठलाही पेपर कामासाठी धरायच्या आधी मी मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत टाकून बघते, तो डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांसाठी खुला आहे.

पर्यायांबद्दल थोडक्यात. पबमेड (वैद्यकीय आणि जीवशास्त्रातल्या पेपरांचा मोफत डेटाबेस) मला शोधासाठी अजूनही जास्त भरवशाचं वाटतं कारण तिथे काय येतं यावर निवड आहे, पण माणसाचं प्रोफाइल असं तिथे मिळत नाही. अमेरिकेच्या एनआयएचचं (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) आयसाईट नावाचं फुकट टूल आहे, त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. त्यात पबमेडमधले पेपर टाकले की प्रत्येकाला एक रिलेटिव्ह सायटेशन रेशो मिळतो, म्हणजे त्याच विषयाच्या आणि त्याच काळाच्या पेपरांच्या तुलनेत हा पेपर किती साईट झाला, आणि १ म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या कामातला मधला पेपर. ही तुलना विषयाच्या आत राहून होते, त्यामुळे छोट्या विषयातल्या माणसावर अन्याय कमी होतो. साईट डॉट एआय हे टूल सायटेशनचं वाक्यच दाखवतं आणि ते पाठिंब्याचं आहे, विरोधाचं आहे की नुसता उल्लेख आहे अशी वर्गवारी करतं, कल्पना मला फार आवडली, पण वर्गवारी यंत्र करतं त्यामुळे वाक्य स्वतः वाचूनच घ्यायचं. आणि दरवर्षी गाजणारी ती स्टॅनफर्डची जगातल्या टॉप दोन टक्के संशोधकांची यादी. ती स्कोपसच्या डेटावर बनते आणि त्यात २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं आहेत. आमचा विषय असा मधोमध आहे की एखाद्याचे पेपर न्यूरोलॉजीत पडतात, दुसऱ्याचे बिहेवियरल सायन्समध्ये, आणि शेजारशेजारच्या लॅबमधल्या दोघांची तुलना वेगवेगळ्या गर्दीशी होते. यादीत नाव आल्याचा आनंद जरूर करा पण नाव नाही म्हणून कुणाला कमी लेखू नका.

एक गोष्ट आमच्या विषयापुरती मुद्दाम सांगायची आहे. वर्तनाचे प्रयोग फार नाजूक असतात. क्रॅब, वॉलस्टेन आणि डुडेक यांनी १९९९ मध्ये सायन्समध्ये छापलेला प्रयोग बघा, पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन अशा तीन लॅबमध्ये त्याच जातींचे माइस (छोटे उंदीर), त्याच सहा टेस्ट, उपकरणं सारखी, वेळा सारख्या, जमेल ते सगळं सारखं ठेवलं आणि तरीही काही निकाल लॅबनुसार वेगळे आले. २०१४ मध्ये तर असंही दिसलं की प्रयोग करणारा पुरुष आहे की बाई यानेसुद्धा रॅट आणि माइसचा ताण बदलतो. आणि कॅथरिन बटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हिशोब मांडला होता की वॉटर मेझच्या अभ्यासांची मध्यक (मीडियन) स्टॅटिस्टिकल पॉवर १८ टक्के आणि रेडियल मेझची (मध्यातून अनेक हात फुटलेला मेझ) ३१ टक्के, ८० टक्के असावी असं आपण वर्गात शिकतो. म्हणजे प्राणी इतके कमी घेतलेले की परिणाम खरा असला तरी बहुतेक वेळा हाती लागणार नाही, आणि लागला तर फुगलेला दिसण्याची शक्यता जास्त. अशा विषयात एखादा निकाल पहिल्यांदा छापून हजारो सायटेशन्स मिळवणं वेगळं आणि तो निकाल दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या हातांनी पुन्हा मिळणं वेगळं. प्रोफाइलवर पहिली गोष्ट दिसते. दुसरीसाठी पेपरची मेथड वाचायची, प्राणी किती घेतले, नर-मादी दोन्ही घेतले का, मोजणाऱ्याला कुठला गट कुठला ते माहीत होतं का, डेटा खुला ठेवलाय का.

वेळ लागतो म्हणाल तर हो, लागतो. जॉन ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की यांचा प्लेस सेल्सवरचा १९७१ चा पेपर पाच पानांचा आहे, फिरणाऱ्या रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी जागेनुसार पेटतात असं सांगणारा. ओकीफ यांना नोबेल मिळालं २०१४ मध्ये, मोझर दांपत्यासोबत. मधे ४३ वर्षं. पाच वर्षांच्या रकान्यात मावणारी ही गोष्ट नाही.

रेटिंग द्यायचं तर पेपर शोधायला, मोफत पीडीएफ मिळवायला आणि "साईटेड बाय"मधल्या शोधासाठी पाचपैकी पाच. एखाद्या संशोधकाचं अलीकडचं काम एका नजरेत बघायला चार. माणूस मोठा की छोटा हे ठरवायला एक, आणि तो एकही वर्षवार ग्राफसाठी, कारण काम चालू आहे की थांबलंय एवढं त्यातून कळतं. स्कॉलरवाल्यांनी तीन गोष्टी केल्या तर फार बरं होईल, शेवटच्या लेखकाचं नाव यादीत दाखवा, स्वतःची सायटेशन्स वगळायचं बटण द्या, आणि रिट्रॅक्ट झालेल्या पेपरपुढे ठळक खूण टाका.

गाईडचं काय झालं ते राहिलंच. वहीतल्या यादीत ज्या मॅडम नवव्या नंबरवर होत्या त्यांच्याकडे मी आहे. त्यांच्या प्रोफाइलवर डोंगर नाही, सगळ्या टेकड्याच. पण त्यांचा एक जुना पेपर उघडला होता तेव्हा "साईटेड बाय"मध्ये त्यांचाच एक नवा पेपर दिसला, ज्यात त्यांनी आपला आधीचा निकाल जास्त प्राणी घेऊन पुन्हा तपासला होता आणि परिणाम आधी म्हटला तेवढा मोठा नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. त्या पेपरला त्या दिवशी मोजून दोन सायटेशन्स होती. मी त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल केला.